धड एका घरी, पंख दुसऱ्या घरी

मित्रांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मला खेळणं म्हणू नका. तसं म्हणणाऱ्यांच्या हातात माझं एक टोक दिलं की त्यांची बोलती बंद होई. मी टायगर मॉथ आहे. खऱ्या टायगर मॉथच्या, म्हणजे लढाईच्या काळातल्या त्या इंग्रजी शिकाऊ विमानाच्या, बरोबर चौथाई मापाचा, वर दोन पंख, खाली दोन पंख, मधे खांब आणि ताणलेल्या तारा. पंख लावले की सव्वासात फूट रुंद. पोटात पेट्रोलचं इंजिन आहे, ते मूळचं झाडं कापायच्या करवतीतलं. माझा रंग पिवळा. म्हणजे, होता. आता कापडावर बुरशीचे डाग पडलेत आणि पिवळा म्हणायचं ते जुन्या ओळखीपोटी.

सध्या माझा मुक्काम नॉटिंगहॅममधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये आहे. धड भिंतीला टेकवलेलं आणि पंख वर फळीवर. निदान सगळे एका छपराखाली आहोत. मधली आठ वर्षं तेवढंही नव्हतं, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

मला दोघांनी घडवलं. शशिधर आणि मोहन. दोघेही पुण्याचे, एकाच कॉलेजातले, आणि पुढे नॉटिंगहॅमच्या एकाच हॉस्पिटलात. शशी भूल देणारा डॉक्टर, मोहन हाडांचा. ते एकमेकांना अरेतुरे करत, म्हणून मीही करतो. ऐंशीचं दशक नुकतंच मध्यावर आलं होतं. हॉस्पिटलात दोघांचंही वर सरकणं काही होत नव्हतं. कन्सल्टंटची जागा निघायची, इंटरव्ह्यू व्हायचा, आणि कोणीतरी दुसराच यायचा. मग शनिवारी दुपारी दोघे शशीच्या गॅरेजात बसून बाल्सा लाकडाच्या पातळ पट्ट्या कापायचे. तिथे त्यांना कोणी नाही म्हणत नव्हतं.

दोन हिवाळे गेले माझ्यावर. मोहनने माझी हाडं जोडली. तो शब्द त्याचाच. पंखांतली फासळी चुकून मोडली तर तो इतक्या हळुवारपणे सांधायचा की जोड कुठे आहे ते नंतर मलाही सापडायचं नाही. शशीने तारा, बॅटरी, रिसीव्हर, बॅटरीवर शेपटी-पंख वळवणाऱ्या पोटातल्या छोट्या मोटारी असं सगळं आतलं काम केलं. शशीची बायको सुप्रभा हिने पंखांचं कापड फासळ्यांना टाके घालून शिवलं. कापड ताठ करायला वर लावायच्या डोप नावाच्या रोगणाच्या वासाने तिचं डोकं उठायचं. नाकाला पदर लावून ती कुरकुर करायची, पण टाका कधी तिरका गेला नाही.

पहिल्यांदा उडालो तो दिवस मी विसरणार नाही. गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या कुरणात विमानवाल्यांचा क्लब होता. बहुतेक सगळे रिटायर झालेले गोरे लोक, घडीच्या खुर्च्या आणि चहाचे थर्मास घेऊन येणारे. बोलायला अगदी सभ्य. मोहनने मला गवतावरून पळवलं, शेपटी उचलली, आणि चाकांखालचा खडखडाट एकदम थांबला. मी हवेत होतो. खालचे म्हातारे उभे राहून बघत होते. त्यातल्या दोघांनी खरे टायगर मॉथ उडवले होते म्हणे, लढाईच्या काळात. त्यांतला एक डोळे पुसत होता. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

आता त्या दोघांची एक सवय सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. ऑपरेशन सुरू करायच्या आधी सर्जन भूल देणाऱ्याला विचारतो, आणि तो ‘हो’ म्हणाला की चाकू चालतो. सर्जन मागे वळून खात्री करत बसत नाही. तसं केलं तर तो भूलवाल्याचा अपमान. मैदानावरही त्यांचं तसंच होतं. ट्रान्समीटर, म्हणजे खालून मला चालवायचा रेडिओचा डबा, मोहनच्या हातात, कारण हात त्याचा चांगला. शशी माझ्याजवळ उकिडवा बसलेला. मोहन एकेक विचारायचा, शशी उत्तर द्यायचा. तारा? ओके. पेट्रोल? ओके. बॅटरी? फुल. मग मोहन इंजिनाचा वेग वाढवायचा. शशीने सांगितलेलं त्याने कधी स्वतः तपासलं नाही.

त्या वर्षी दसरा आडवारी आला. इंग्लंडात आपले सण तिथीला होत नाहीत, शनिवारी होतात. गणपती शनिवारी बसतो, दिवाळी शनिवारी लागते, कारण मधल्या वारी कोणाला सुट्टी असते? तेव्हा दसराही शनिवारी आणि क्लबचा मोठा मेळावा दुसऱ्या दिवशी, रविवारी. त्या मेळाव्याला बाहेरगावचे क्लबही यायचे होते, आणि मोहनने मला सगळ्यांसमोर उडवायचं ठरलं होतं.

शनिवारी दुपारी शशीने माझं धड पुढच्या खोलीत आणून ठेवलं. माझी आणि ट्रान्समीटरची वायर चार्जरला जोडली आणि चार्जर भिंतीत लावला. माझी बॅटरी भरायला अख्खी रात्र लागे. तो ऑन-कॉल होता, तेवढ्यात हॉस्पिटलातून बोलावणं आलं आणि तो गेला.

संध्याकाळी सुप्रभाने पूजा मांडली. चौरंगावर तिचं शिलाईचं मशीन, शशीचा स्टेथोस्कोप, मोहनने घरून पाठवलेला हाडांचा हातोडा, आणि मधे मी, ट्रान्समीटरसकट. झेंडूऐवजी सुपरमार्केटातली शेवंती, आपट्याच्या पानांऐवजी शेजारच्या कुंपणाची पानं. माझ्या नाकाडावर तिने हळदकुंकू लावलं. मग तिला दिव्यांची माळ लावायची होती, आणि त्या भिंतीला प्लगची जागा एकच. पूजेला बसलेल्या वस्तूला वायर कशाला, असंही तिच्या मनात आलं असणार. तिने चार्जरचा प्लग काढला, पडद्यामागे नीट ठेवला आणि माळ लावली. खोली छान उजळली. तिने हात जोडले आणि मोहनभावजींचं उद्या सगळं नीट होऊ दे, असं माझ्यासमोर म्हणाली.

मला सगळं दिसत होतं. पण मित्रांनो, मला तोंड कुठे आहे?

पूजेतल्या वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवायच्या नाहीत. शशी रात्री उशिरा आला आणि लांबूनच नमस्कार करून झोपायला गेला. सकाळी सुप्रभाने उत्तरपूजा केली, त्याच्या हातावर दही ठेवलं. बाहेर मोहन हॉर्न वाजवत होता. शशीने माझ्या टोकाची वायर उपटली, मला उचललं आणि गाडीत घातलं. भिंतीकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

मैदानावर मोहनने विचारलं, “बॅटरी?”

“फुल,” शशी म्हणाला.

मागच्या रविवारची थोडी धुगधुगी बॅटरीत होती, तेवढ्यावर मी उडालो. दोन वळणं अगदी देखणी झाली. तिसऱ्या वळणाला मी गाड्यांच्या बाजूला तोंड केलं आणि मोहनने मला वर यायला सांगितलं. ते सांगणं माझ्यापर्यंत आलंच नाही. पोटातल्या मोटारी मेल्यासारख्या झाल्या. मी तसाच तिरका खाली येत राहिलो. मोहनची बायको नंदा घडीच्या खुर्चीवर बसली होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीत घुसलो. नाक आत गेलं, खालचे पंख फाटले, बॅटरी तुटून कुठल्या कुठे उडाली. नंदाला खरचटलंही नाही. पण ती पुष्कळ वेळ खुर्चीतून उठली नाही.

क्लबचे अध्यक्ष मिस्टर बॅगली आले. मोहन सांगत होता, “मी कंट्रोल दिला, विमानाने ऐकलं नाही.” बॅगली मान हलवत राहिले. विमान पाडणारा प्रत्येक जण असंच म्हणतो, हा त्या लोकांतला जुना विनोद होता, आणि दोघेचौघे हसलेही. मग बॅगलींनी सगळ्यांसमोर, अगदी मऊ आवाजात सांगितलं की वळण फार खाली आणि फार हळू घेतलं, हात चुकला, आणि कोणाच्या जिवावर बेतलं असतं. मोहनने वर्षभर क्लबात उडवू नये. मोहनने मान खाली घातली. माझाच हात चुकला असेल, असं तो इंग्रजीत म्हणाला. शशी त्याच्या शेजारी उभा होता. तेव्हा त्यालाही काही ठाऊक नव्हतं, हे मी त्याच्या बाजूने सांगायला हवं.

ठाऊक झालं ते घरी. मला पुढच्या खोलीत टेकवून तो माळ काढायला वाकला आणि पडद्यामागे चार्जरचा प्लग त्याच्या हाताला लागला. तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. आतून सुप्रभाने विचारलं, कसं झालं, भावजी काय म्हणाले? शशीने प्लग खिशात घातला. “पडलं,” तो म्हणाला. “वारा होता.” सुप्रभा रडायला लागली. एवढी पूजा केली, तरी असं कसं झालं, म्हणून. आता अशा बाईला तो काय सांगणार होता? उद्या मोहनला एकट्याला सांगू, असं त्याने ठरवलं असेल. पण उद्या त्याने सांगितलं नाही, आणि परवा सांगणं आणखी अवघड झालं.

मोहनने ते फार मनाला लावून घेतलं. एरवी कोणी क्लबात काय म्हटलं ते माणूस चार दिवसांत विसरला असता. पण त्याचं सगळं पोट त्या हातावर होतं. ऑपरेशनच्या टेबलाशी तो थांबायला लागला. चाकू टेकवायच्या आधी क्षणभर, मग दोन क्षण. शशी रोग्याच्या उशाशी उभा राहून ते पाहत होता, दर मंगळवारी, आठवड्यामागून आठवडा. “मोहन हल्ली कचरतो गं,” असं त्याने एकदा जेवताना सुप्रभाला सांगितलं. तेव्हा पंख सांधायला मला टेबलावर आडवं घातलं होतं, म्हणून मी ऐकलं. पुढे ताट तसंच टाकून तो उठला.

वसंतात कन्सल्टंटचा इंटरव्ह्यू होता. मोहन गेलाच नाही. दक्षिणेकडे मिल्टन कीन्स गावात एक खालची जागा निघाली होती, बाह्यरुग्ण विभाग आणि प्लास्टरं घालण्याची. ती त्याने घेतली. तिथे चाकू हातात धरावा लागत नव्हता. जाताना माझं धड तो बरोबर घेऊन गेला. मोडलेलं नाक आणि कणा सांधायचं काम त्याचं, पंखांचं कापड सुप्रभाचं, म्हणून पंख नॉटिंगहॅमलाच राहिले. तुम्ही विचाराल, मग तू नक्की कुठे होतास? दोन्हीकडे होतो आणि कुठेच धड नव्हतो.

मिल्टन कीन्सला मोहनने मला पुन्हा उभं केलं. सबंध उन्हाळा त्याने त्यात घातला. काम करताना त्याचा हात थरथरत नसे, हे मी बघितलंय. कधी कधी मधेच थांबून तो स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहायचा. दसऱ्याला धड घेऊन येतो, पंख लावू आणि गपचूप कुठेतरी दूर उडवू, असं त्याने शशीला फोनवर सांगितलं.

त्या दसऱ्याला, म्हणजे पुन्हा शनिवारीच, तो नंदाला घेऊन आला. मी गाडीतच होतो. पण घराची पुढची खिडकी उघडी होती आणि माझे पंख आत भिंतीशी होते, त्यामुळे सगळं कानावर पडलं. सुप्रभा पूजा मांडत होती. अगदी सहज, हसत ती मोहनला म्हणाली, “यंदा ह्यांनी मला आधीच बजावलंय, भावजी. चार्जरला हात लावू नकोस म्हणून. मागच्या वर्षी मी माळेसाठी प्लग काढला होता ना, त्यावर अजून चिडलेत.”

सुप्रभाने उदबत्ती लावली. मोहनने शशीकडे पाहिलं.

“कधीपासून माहीत आहे तुला?” त्याने विचारलं.

शशी म्हणाला, “बाहेर चल, सांगतो.”

दोघे माझ्याजवळ, गाडीशी आले. शशी बोलायला लागला, सुप्रभाला कळलं असतं तर ती कोलमडली असती, वगैरे. मोहनने ते सगळं ऐकून घेतलं.

“वहिनींना सांगू नकोस, अजिबात नको,” तो म्हणाला. “चूक झाली त्याचं मला काही नाही. पण त्या बॅगलीला नुसतं सांगायचं होतंस की बॅटरी गेली, मोहनची चूक नाही. एक वाक्य. कोणाचं नावही घ्यावं लागलं नसतं. तू मला सबंध हिवाळा माझ्याच हाताला घाबरताना बघितलंस, शशी. दर मंगळवारी, समोर उभा राहून.”

त्याने नंदाला हाक मारली. ती चपला घालत घाईने आली, सुप्रभा मागून जेवून तरी जा म्हणत राहिली. मला गाडीतून उतरवलंच नाही. एम-वन महामार्गावर सबंध वाटेत नंदाने दोनदा काय झालं म्हणून विचारलं. मोहनने वायपर चालू केले, खरं तर पाऊस थांबला होता.

त्यानंतर आठ वर्षं, मित्रांनो. मी मोहनच्या घरी माळ्यावर, कोरड्या उबेत, हीटिंगच्या पाइपांशेजारी. माझे पंख नॉटिंगहॅमच्या ओल्या गॅरेजात. शशी अधूनमधून गॅरेजात येई, पंखांवरून हात फिरवी आणि जाई. दिवाळीला नंदा आणि सुप्रभा फोनवर बोलत. दोन्ही घरचे पुरुष त्या वेळी खोलीबाहेर असत. सुप्रभा शशीला विचारायची, मी त्या दिवशी काय वावगं बोलले हो? तो म्हणायचा, काही नाही. तिने मग माळ लावणंच सोडलं. कशाने बिघडलं ते न कळताच ती स्वतःला बोल लावत राहिली. म्हणजे जिला वाचवायचं म्हणून तो मूग गिळून बसला, तीही वाचली नाहीच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका फेब्रुवारीत, शशीला स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हॉस्पिटलातून तो घरी आल्यावर सुप्रभाने नंदाला फोन केला. मोहनने त्याच रविवारी माळ्यावरून मला उतरवलं, धूळ पुसली आणि गाडीत घातलं. मला फार आशा वाटली, खोटं कशाला सांगू.

शशीला त्यांनी चाकाच्या खुर्चीत, अंगावर शाल देऊन गॅरेजात आणलं. सुप्रभा चहा करायला आत गेली. मोहनने पंख खाली काढले आणि वरचा डावा पंख माझ्या खांद्याशी लावला. भोकं जुळेनात. त्याने दुसरा लावून पाहिला. ओलीने पंख पिळवटले होते आणि मी तिकडे उबेत सुकून आकसलो होतो. बोल्ट आत जाईना. मोहनने जोर केला नाही. अशी वाकडी बसलेली हाडं त्याने आयुष्यभर पाहिली होती. पुन्हा मोडल्याशिवाय ती सरळ होत नाहीत, हे त्याला कोणी सांगायला नको होतं, आणि मोडलं तर उरेल किती, हेही तो जाणून होता. त्याने बोल्ट खिशात टाकला.

“नाही बसत रे,” तो म्हणाला.

शशी तोंड उघडून काहीतरी बोलायची धडपड करत होता. डावा हात मोहनच्या बाहीला घट्ट. मोहन खाली बसला, नको बोलूस म्हणाला. पण शशी ऐकेना. कपाळावर घाम आला, ओठाच्या कडेने लाळ गळली. फार फार वेळाने एकेक शब्द बाहेर पडला.

“मोहन... चूक... नाही.”

एवढंच. पण ते बॅगलींसमोर नव्हतं, क्लबासमोर नव्हतं. ऐकायला एक मोडकं विमान होतं. मोहनने डोकं शशीच्या गुडघ्यावर टेकवलं आणि तो रडला. मोठा माणूस असा रडताना मी पहिल्यांदाच पाहिला.

दारात सुप्रभा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधी आली होती, कोणाला कळलं नव्हतं.

“कसली चूक, भावजी?” तिने विचारलं.

शशीच्या डोळ्यांत भीती दिसली. मोहनने तोंड पुसलं. सांगायचं तर आता त्याला कोणी अडवणार नव्हतं. तो सुप्रभाकडे बघत राहिला, आणि इतकी वर्षं शशीच्या तोंडून खरं का निघालं नसेल ते त्याला त्या घटकेला कळलं असावं.

“काही नाही, वहिनी,” तो म्हणाला. “जुनं काहीतरी. चहा द्या.”

शशी उन्हाळ्यात गेला. मोहन आता महिन्यातून एकदा येतो, सुप्रभाची खिडकी-नळ काय बिघडलं असेल ते बघतो. मला मात्र कोणी जोडत नाही.

मित्रांनो, मला उडवा असं मी तुमच्याकडे मागत नाही. माझे दिवस झाले. पण तुमच्या घरी एखादं विमान असेल, तर त्याचे पंख आणि धड एकाच खोलीत, कोरड्या जागी ठेवा. आणि तुमच्या मित्रावर भरल्या मैदानात ठपका येत असेल आणि खरं काय ते तुम्हाला माहीत असेल, तर तिथेच, त्याच माणसांसमोर बोला. शशीला वाटलं होतं, उद्या सांगू. तो फार चांगला माणूस होता हो. मला त्याच्याच हातांनी घडवलंय.